मणक्यातली कृत्रिम चकती : साधी की गुंतागुंतीची?

आमच्या गोरेगावात जिन्यात दोघी भेटल्या की भाजीच्या भावाखालोखाल कंबरदुखीचा विषय निघतो. बहुतेकींचं दुखणं व्यायाम, औषध आणि थोडा धीर यांवरच भागतं. पण क्वचित एखादीला डॉक्टर सांगतात, "दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून कृत्रिम चकती बसवू." मग माहितीपत्रकं हाती येतात, आणि भगिनींनो, आपलं बोट हमखास जास्त कळा असलेल्या चकतीकडे जातं. मिक्सर घेतानाही असंच होतं ना?

१९६०च्या दशकात स्वीडनच्या डॉ. उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी मणक्यांमध्ये नुसती पोलादी गोळी बसवून पाहिली. याहून सोपं काय असणार! पण सगळा भार एवढ्याशा जागेवर. गोळी हाडातच रुतू लागली. म्हणजे अति साधंही कामाचं नाही. १९८०च्या दशकात पूर्व बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कारिन ब्यूटनर-यान्झ आणि कुर्ट शेलनाक यांनी वर-खाली धातूच्या चकत्या आणि मध्ये सरकता प्लॅस्टिकचा गाभा, अशी तीन भागांची रचना केली. (या कारिनबाई १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या, बरं का! मुलींना जरूर सांगा.) त्यांच्याही सुरुवातीच्या चकत्या लहान पडल्या, त्या मोठ्या कराव्या लागल्या. अमेरिकेत मान्यता मिळायला २००४ साल उजाडलं.

सरकता गाभा पाठीच्या हालचालीशी जुळवून घेतो, हे खरं. पण जिथं घासणं तिथं झीज, आणि सुटा भाग जागचा हलूही शकतो. गाभा खालच्या चकतीत पक्का बसवला की रचना सुटसुटीत होते. मात्र मग ती बसवताना जागा अगदी अचूक साधावी लागते.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा : भाग किती, घासतं काय कशावर, याच नमुन्याचे रुग्ण किती वर्षं पाहिले आहेत, आणि बिघडलीच तर काढणार कशी? शेवटचा प्रश्न संकोचाने गाळू नका. कमरेची चकती पोटाकडून बसवतात. पुन्हा तिथं शिरायचं तर मोठ्या रक्तवाहिन्या आजूबाजूला चिकटून बसलेल्या असतात.

हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्याचे मागचे सांधे झिजले असतील, तर ही चकती सहसा बसवत नाहीत. पाळी थांबलेल्या बायकांनी हाडांची घनता आधी तपासून घ्यावी.