लोकांचा खोळंबा होईल!

गेल्या महिन्यात आमच्या पारनेरच्या एक निवृत्त शिक्षिका रक्तदाब तपासून घेण्यासाठी आल्या होत्या. युरोपच्या सहलीला तीन आठवडे उरले होते. मुलाने हौसेने पैसे भरले होते, व्हिसा हाती आला होता, सुनेने लोकरी मोजेही आणून ठेवले होते. बाईंना मात्र आठ दिवस धड झोप नव्हती.

"विमानाची भीती वाटते का?" मी विचारले.

"विमानाचे काय, ते सगळ्यांनाच घेऊन जाते. पण बसमध्ये चाळीस माणसे बसली आहेत आणि माझ्या एकटीसाठी गाडी थांबली आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही."

मग हळूच त्यांनी सांगितले, की सहलीपुरती लघवीची गोळी बंद ठेवायची आणि पाणीही बेताचेच प्यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

परदेशी निघण्यापूर्वीची हुरहूर स्वाभाविक आहे. याच पारनेरचे सेनापती बापट 1904 साली शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले. त्या काळी बोटीच्या प्रवासातच कित्येक दिवस जात आणि नव्या जगाची सवय वाटेतच होत जाई. आज पारनेरचा माणूस दुसऱ्या दिवशी युरोपात उतरतो. मनाला तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून झोप उडते, पोट बिघडते, छाती धडधडते. एवढ्याने घाबरून जाऊ नये. मात्र छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर ती हुरहूर समजून अंगावर काढू नये.

खरा धोका असतो तो या भीतीपोटी गुपचूप घेतलेल्या निर्णयांत. पाणी तोडल्याने शरीर कोरडे पडते, चक्कर येते. गोळी परस्पर बंद केल्याने रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते. शिवाय तासन् तास एका जागी बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. आपल्याकडून हे बसणे विमानात नव्हे, पारनेरलाच सुरू होते. मुंबईच्या विमानतळापर्यंत पाच तास आणि पुढे विमानात आठ-नऊ तास! म्हणून आळेफाट्याला आणि माळशेज घाट उतरल्यावर गाडीतून उतरून पाय मोकळे करावेत. विमानात मार्गिकेलगतची जागा मागून घ्यावी, तास-दोन तासांनी उठून चालावे, बसल्याबसल्या घोटे फिरवावेत.

गोळीची वेळ बदलता येते; ती डॉक्टरांनी ठरवायची. उन्हाळ्यात पश्चिम आणि मध्य युरोपातील बहुतेक देशांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्यामुळे मधुमेहाच्या रुग्णांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, वेळापत्रक आधीच लिहून घ्यावे. सर्व औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असावीत. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गेल्यास गोठून निकामी होऊ शकते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो उतरवताना जुने आजार लपवू नयेत, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जाण्याची भीती असते. विमानतळावर चाकांची खुर्ची हवी असेल, तर निदान 48 तास आधी विमान कंपनीला कळवावे. तीत बसण्यात कमीपणा कसला?

घरच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. "काही होत नाही, उगाच काळजी करता" असे म्हटल्याने काळजी जात नाही. ती फक्त बोलायची थांबते. त्याऐवजी "नेमके कशाचे वाटते?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. महिनाभर आधीपासून संध्याकाळी सोबत चालायला जावे. किती अंतर चालले की दम लागतो, कुठे बसावेसे वाटते, हे त्यातून दोघांनाही कळते.

आपली वारीही समूहाचाच प्रवास आहे. तिथेही थकलेल्या माणसाला वाटेत टेकावे लागते, आणि विसावा घेतला म्हणून त्याची वारी चुकली असे कोणी म्हणत नाही.

त्या दिवशी बाईंनी माझ्यासमोरच सहलीच्या व्यवस्थापकाला फोन लावला. आवाज थोडा कापत होता, पण सगळे सांगितले. पलीकडून उत्तर आले, की युरोपात बसच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते. त्याआधीही वाटेत थांबे असतातच आणि कुणाला गरज पडली तर तसे सांगावे.

फोन ठेवून बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणखी दोघांनी हेच विचारले म्हणे. त्यातले एक गृहस्थ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत."

लघवीच्या गोळीची नवी वेळ त्यांनी वहीत लिहून घेतली आणि जाता जाता विचारले, "युरोपहून आल्यावरही मावंदे घालायचे असते का हो?"