अटॅक्सिया: चाल बघता, श्वासही मोजा

आनुवंशिक अटॅक्सियात तोल जातो, म्हणून सगळे चाल बघतात. श्वास क्वचितच मोजला जातो. मला हे पटत नाही. फुप्फुसं बहुधा चांगली असतात, पण श्वासाच्या स्नायूंचा मेळ बिघडतो, खोकल्यातला जोर जातो. फ्रेडरिक अटॅक्सियात पाठीचा कणा वाकला तर छाती आणखी आखडते. ‘दम लागत नाही’ म्हणता? जो फारसा चालतच नाही, त्याला दम लागणार कधी! ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणूनही निर्धास्त राहू नका. तो आकडा उशिरा उतरतो. सकाळची डोकेदुखी, दिवसा पेंग, पाणी पिताना ठसका ही लक्षणं आधी दिसू शकतात. सेवाग्राम किंवा सावंगीच्या मेडिकल कॉलेजात दाखवायला जाल, तेव्हा स्पायरोमेट्रीबद्दल स्वतःहून विचारा. बसून एकदा आणि जमल्यास आडवं होऊनही.