नाताळची सुट्टी, लिटल्टनच्या धक्क्यावर

२२ डिसेंबर २०२४ ला भारतीय नौदलाची 'तारिणी' ही शिडाची बोट न्यूझीलंडमधल्या लिटल्टन बंदराला लागली. बोटीवर माणसं दोनच, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. २ ऑक्टोबरला गोव्याहून निघून, वाटेत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला एक मुक्काम करून त्या इथवर आल्या होत्या. ४ जानेवारी २०२५ ला त्या पुन्हा समुद्रात गेल्या. मधल्या तेरा दिवसांत नाताळ आला, ३१ डिसेंबर आला, नवं वर्ष आलं. आपल्या कॉलेजला तेव्हा सुट्टी होती. त्या दोघींना होती का, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळतोय.

कारण पुढचा टप्पा साधा नव्हता. लिटल्टन ते फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली, अंदाजे ५,६०० सागरी मैल. किलोमीटरमध्ये मोजलं तर दहा हजारांच्या वर. मी बालाघाटची, त्यामुळे माझं माप गोंदिया. बालाघाट-गोंदिया चाळीसेक किलोमीटर धरलं, तर तेवढं अंतर अडीचशे वेळा कापायचं, आणि वाटेत एकही स्टेशन नाही. या टप्प्यावर पॉइंट निमो लागतो. पृथ्वीवर जमिनीपासून सगळ्यात लांब असलेली ही जागा, कुठल्याही किनाऱ्यापासून सुमारे २,६८८ किलोमीटर दूर. त्यानंतर येतं दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न.

आता अशा टप्प्याच्या आधी बोटीवर सुट्टी काढायची म्हणजे काय करायचं? डोलकाठीच्या टोकापर्यंत एकाला दोराने वर चढवायचं आणि तिला ताणून धरणारी प्रत्येक पोलादी तार, प्रत्येक खीळ बोटाने चाचपून बघायची. तारेचा एक पीळ जरी तुटला असेल तरी ती बदलायची, कारण वादळात एक तार गेली की डोलकाठी जाते. शिडं धक्क्यावर पसरायची, शिवणी तपासायच्या, जिथे दोरा विरलाय तिथे पुन्हा टाके घालायचे. दोर ओढायच्या चरख्या उघडून त्यातलं मीठ धुवायचं, ग्रीस भरायचं. सुकाणू, बॅटऱ्या, इंजिन, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, सगळं तपासायचं. मग किराणा. किती दिवस लागतील त्याहून बरेच जास्त दिवस धरून डाळ-तांदूळ मोजायचा. कांदा, बटाटा, कोबी टिकतात. पालेभाजी चार दिवसांची सोबती. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणायची नाहीत, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी लपून येतात. डब्यांवरचे कागद ओलाव्याने सुटतात, म्हणून आत काय आहे ते मार्करने पत्र्यावरच लिहून ठेवायचं. नाहीतर महिनाभराने डाळ म्हणून फोडलेल्या डब्यातून अननस निघायचा.

हे वाचताना मला आमच्या घरचा एप्रिल-मे आठवतो. कुरडया, पापड, शेवया, लोणचं. पावसाळ्याआधी घर भरून ठेवायचं तेच शास्त्र. आजी कधी समुद्रावर गेली नाही, पण चार महिन्यांची बेगमी करणं तिला कुठल्याही खलाशापेक्षा कमी कळत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ही तपासणी उगाच नसते. याच 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये सहा जणींनी पहिली नाविका सागर परिक्रमा केली. त्या पृथ्वी फिरून जवळपास घरी पोचल्या होत्या. तेव्हा हिंद महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेला नसलेला मुक्काम मॉरिशसच्या पोर्ट लुईसला करावा लागला. तिथे निदान बंदर जवळ होतं. पॉइंट निमोजवळ काय असतं?

नाताळच का पण? याचं कारण फार सरळ आहे. केप हॉर्न जवळपास ५६ अंश दक्षिणेला. तिथला हिवाळा शिडाच्या बोटीने अंगावर घ्यायचा नसतो. दक्षिणेतला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यातच हॉर्न पार करायचं. म्हणून भारतातून पावसाळा ओसरताना निघायचं, डिसेंबरच्या आसपास न्यूझीलंड आणि नव्या वर्षात हॉर्न. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याचा नाताळ बहुधा बोटीवरच येतो. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परतले. त्यांचा नाताळ भर समुद्रात गेला. २०१७ मध्ये त्या सहा जणी १२ डिसेंबरला लिटल्टन सोडून निघाल्या आणि जानेवारीत पोर्ट स्टॅनलीला पोचल्या, म्हणजे त्यांचाही तसाच. आणखी मागे जायचं तर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे जगातले पहिले. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९. त्यांची 'सुहेली' ही बोट सागवानी लाकडाची आणि बांधलेली कुठे, तर आपल्या मुंबईत! सागवानाच्या जंगलातल्या जिल्ह्यातली मुलगी म्हणून हे वाचून मला उगीचच अभिमान वाटला. लाकूड बालाघाटचं होतं असा माझा दावा अजिबात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझी मामेबहीण अकरावीत आहे. तिला येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भोपाळला जाऊन मोठ्या तलावावर शिडाची बोट शिकायची आहे. घरात यावरून जे रण माजलं ते मी फोनवर ऐकलं आणि दिवाळीत घरी गेले तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. आजी म्हणाली, "काहून वं पोरी, सुट्टीत घरी राहाले का होते तुले?" मामी म्हणाली, मे महिन्यात दोन लग्नं आहेत, हाताखाली कोण राहील. मामा सगळ्यात शेवटी बोलले, "समुद्र हे समुद्राकाठच्या लोकायचं काम आहे. आपल्या इथं नाव चालवणं म्हंजे ढीवरायचं."

मामांचा मी खूप आदर करते, पण या दोन वाक्यांत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही मला मान्य नाहीत.

पहिली सुट्टीची. याच घरातला माझा मामेभाऊ, तिचाच मोठा भाऊ, दोन उन्हाळे नागपूरला क्लाससाठी राहिला. तेव्हाही घरी लग्नं होती. तेव्हा कुणी विचारलं नाही की सुट्टीत घरी राहाले का होते. सुट्टीत क्लाससाठी घर सोडलं तर ते करिअर, आणि बोटीसाठी सोडलं तर थेर? मुलीची सुट्टी ही घराची उधारी आहे, ती पापड लाटून फेडायची, असं कुणी तोंडाने म्हणत नाही. पण हिशेब तसाच धरलेला असतो. मला पापडांबद्दल राग नाही. वर लिहिलंच आहे की ती एक विद्या आहे. पण ती विद्या भावालाही यायला हरकत नव्हती.

दुसरी, समुद्राकाठच्या लोकांची. पहिल्या परिक्रमेची कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडची. तिच्या सोबतच्या पायल गुप्ता डेहराडूनच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलच्या कुल्लूच्या, विजया देवी मणिपूरच्या. या चौघी अशा राज्यांतल्या की जिथे समुद्र सोडा, खाडीही नाही. आणि या सगळ्या परिक्रमांची कल्पना कुणाची? व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायला गेले. दुष्काळी पट्ट्यातल्या गावात बसून या माणसाने ठरवलं की एखाद्या भारतीयाने एकट्याने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी होकार दिला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, आणि तिथे त्याआधी अशी बोट कधी बांधलेली नव्हती. दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परतले. नऊ महिन्यांच्या सफरीसाठी तीन वर्षांची तयारी. आपण टाळ्या नऊ महिन्यांना वाजवतो. माझ्या मते खरी गंमत त्या तीन वर्षांत आहे. कारण 'धाडस' म्हटलं की विषय संपतो, ते आपल्यासारख्यांचं काम नाही म्हणून आपण मोकळे होतो. तयारी मात्र कुणालाही करता येते. त्यात टाके घालणं आहे, डबे मोजणं आहे, ग्रीसने हात काळे करणं आहे.

आणि आपलं मध्य प्रदेश! भोपाळच्या मोठ्या तलावावर सराव करून हर्षिता तोमरने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत लेझर ४.७ प्रकारात कांस्य मिळवलं. देवास जिल्ह्यातल्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊला रौप्य. तिच्या घरी शेती. ज्या बोटीत ती बसली तिचं शीड ४.७ चौरस मीटर, म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या खोलीतल्या दोन पलंगांएवढ्या चादरी जोडल्या तर होईल तेवढं. समुद्रावर जायची सुरुवात अशी तलावात होते. केप हॉर्न फार पुढची गोष्ट.

तिसरी गोष्ट जातीची, आणि ती मामांच्या तोंडून सहज आली म्हणून जास्त टोचली. आमची वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून गोंदिया-भंडाऱ्याकडे उतरते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. तिच्यावर पिढ्यानपिढ्या डोंगा चालवणाऱ्या लोकांना पाण्याचं जे कळतं ते आपल्यापैकी कुणाला कळत नाही. ते काम हलकं ठरवायचं आणि तेच इंग्रजी नावाने, गणवेशात, टीव्हीवर दिसलं की छाती फुगवायची, हे बरं नाही. माझी बहीण जर पहिल्यांदा नाव हाकायला भोपाळऐवजी आपल्याच घाटावरच्या एखाद्या काकांकडून शिकली, तर मला तरी ते जास्त आवडेल.

धोक्याचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. याच अभिलाष टॉमींची बोट सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळात सापडली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. उठता येत नव्हतं. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. त्यानंतर ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले, ही पुढची गोष्ट. पण म्हणून आधीची खोटी ठरत नाही. पैशाचाही प्रश्न आहे. नौदलाच्या अधिकाऱ्यांमागे आख्खं नौदल असतं, आमच्या मामांमागे किराणा दुकान आहे. म्हणून मी बहिणीला जगप्रदक्षिणेची स्वप्नं दाखवत नाही. एक उन्हाळा मागते आहे. तेवढ्यात तिला कळेल की वारा अंगावर घेणं आपल्याला आवडतं की नाही. नाही आवडलं तर परत येईल, पुढच्या मेमध्ये कुरडया आहेतच.

दिलना आणि रूपा २९ मे २०२५ ला गोव्याला परतल्या. दुसऱ्याच दिवशी, ३० मेला, खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. या दोन्ही बातम्या मी बहिणीला पाठवल्या होत्या. तिने त्या घरच्या ग्रुपवर टाकल्या. मामांनी अंगठा दाखवला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवाला.

आजीने मात्र कुणालाही न सुचलेला प्रश्न विचारला: "पोरीले पोहता येते का?" नीट येत नाही. वैनगंगेच्या काठावर वाढूनही येत नाही, मलाही जेमतेमच येतं. आजी म्हणाली, आधी ते शिक, मग तुझ्या बोटीचं पाहू. मामाही त्यावर हो म्हणाले. तेव्हा सध्या आम्ही दोघी बालाघाटात मुलींना पोहायला शिकवणारं कुणी सापडतं का ते शोधतो आहोत. कुणाला माहीत असेल तर वाङ्मय मंडळाकडे निरोप ठेवा.