शास्त्र आणि संसार : ऐकणारा लेप

सब्जाचें बीं पाण्यांत भिजत घातलें म्हणजे थोड्याच वेळांत त्याभोंवतीं पारदर्शक बुळबुळीत वेष्टन चढतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तें वेष्टन म्हणजे बहुतेक पाणीच. परंतु सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यांत अडकल्यामुळें तें वाहून जात नाहीं. पालघरच्या बाजारांत उन्हाळ्यांत येणारा ताडगोळाही असाच पाण्यानें भरलेला, तरी आकार धरून राहणारा. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा कृत्रिम जाळ्यांस शास्त्रज्ञ हायड्रोजेल म्हणतात. हा ओला पदार्थ वैद्यकांत काय करूं पाहत आहे, तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आम्ही योजिलें आहे.

१९६० सालीं चेकोस्लोव्हाकियांतील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लिम यांनीं शरीरास मानवेल असें हायड्रोजेल प्रसिद्ध केलें. डोळ्यांत घालावयाचीं मऊ भिंगें त्यांतूनच निघालीं. आपल्याकडे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें भाजलेल्या जखमांसाठीं हायड्रोजेलच्या पट्ट्या तयार करण्याची कृति सिद्ध केली. तींत किरणांच्या योगें तंतूंची वीण घट्ट होते आणि त्याच वेळीं पट्टी निर्जंतुकही होते. तारापूरच्या परिसरांत १९६९ पासून अणु म्हटला कीं वीज आठवते. तीच विद्या पोळलेल्या कातडीवर थंड ओला हात ठेवूं शकते, हें तेथील लोकांसही आवर्जून सांगण्यासारखें आहे.

परंतु ही पट्टी मुकी आहे. ती जखम झांकते. जखमेची हकीकत सांगत नाहीं. ती सांगावयाची तर वीज पाहिजे, आणि येथेंच भाषेची अडचण येते. यंत्राच्या तारेंत इलेक्ट्रॉन वाहतात. देहांत मात्र क्षारांचे विद्युद्भारित कण हालचाल करतात. हृदयाच्या विजेचा आलेख काढणारे आइन्टहोव्हेन रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवीत, तें या दोन भाषांची गांठ घालण्यासाठींच. त्यांस १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आजही आलेख काढतांना छातीवर ओलें जेल लावतात. पुढें १९७७ सालीं शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनीं वीज वाहून नेणारें प्लास्टिक दाखविलें. त्यांसही २००० सालीं नोबेल मिळालें. असे विद्युद्वाहक तंतू हायड्रोजेलमध्यें गुंफले म्हणजे कातडीसारखा मऊ आणि दोन्ही भाषा जाणणारा दुभाषी तयार होतो.

हा दुभाषी ऐकतो, तसाच देतोही. त्यांत शर्करा ओळखणारें एन्झाइम बसविलें तर घामांतील शर्करेच्या मानानें विद्युत्प्रवाह कमीजास्त होतो. उलट, तंतूंवरील भारामुळें विरुद्ध भाराचे औषधाचे कण त्यांस चिकटून राहतात; सूक्ष्म विद्युद्दाब देऊन तो भार पालटला कीं पकड सुटते आणि औषध झिरपूं लागतें. आमच्या शास्त्रकारांचा देहलीदीपन्याय येथें आठवतो : उंबऱ्यावरील एकच दिवा घर व अंगण दोन्ही उजळतो.

अमेरिकेंतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं २०२२ सालीं अशा जातीची एक पट्टी प्रसिद्ध केली. ती जखमेवर लक्ष ठेवते व सौम्य वीज देऊन ती भरण्यास साह्य करते. सुमारें ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली कीं ती अलगद सुटते. कोंवळी कातडी ओढली जात नाहीं. जखमा सुमारें २५ टक्के लवकर भरल्या, पण त्या उंदरांच्या होत्या, हें विसरूं नये.

हा विषय घरांत बोलण्याचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें १०.१ कोटि लोकांस मधुमेह आहे. मधुमेही वृद्धाच्या पायाची संवेदना मंदावते. खडा रुतला तरी कळत नाहीं, आणि लहानशी जखम पुढें पाय घेऊन जाते. बोईसर-तारापूरच्या वसाहतींत औषधांचीं मूळ द्रव्यें तयार होतात. परंतु औषध घडविणें ही एक विद्या आणि तें नेमक्या वेळीं नेमक्या मात्रेनें देणें ही दुसरी. गोळीस वेळ कळत नाहीं; या लेपास ती कळावी, अशी आशा आहे. मात्र ज्यास देण्याचा अधिकार दिला, त्याची चूकही तितकीच जड. लेप सुकला, घामानें मोजणी बिघडली आणि झोपलेल्या माणसास इन्सुलिन अधिक गेलें, तर प्राणावर बेतेल. म्हणून दीर्घ परीक्षा झाल्यावांचून अशा वस्तूंच्या जाहिरातींस कोणी भुलूं नये.

तोंवर आमची सूचना साधी आहे. रोज रात्रीं घरांतील मधुमेही वडीलधाऱ्यांचीं पावलें कोणीतरी दिव्याच्या उजेडांत पाहावीं. बोटांच्या बेचक्या व टांचाही पाहाव्या. कोठें लाली, फोड अथवा चीर दिसली तर घरगुती लेप लावून वाट न पाहतां वैद्यांस दाखवावें. हें काम नातवंडांकडे दिल्यास तें चुकणार नाहीं, आणि आजोबाही पाय पुढें करण्यास संकोचणार नाहींत.