गाडी येईपर्यंतची दहा मिनिटे

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट लागतो. १९८६ च्या उन्हाळ्यात तिथे उलटलेल्या ट्रकच्या क्लीनरला आम्ही चौघांनी हातापायांना धरून उचलले, तोंडात पाणी ओतले आणि मिळेल त्या टेम्पोत पोत्यासारखे टाकून दवाखान्यात नेले. मान सांभाळायची असते, बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचे नसते, हे कुणाला ठाऊक होते? तो वाचला नाही. अपघाताने गेला की आमच्या हातांनी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

२०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका आल्या. नुसती वाहून नेणारी गाडी नव्हे, आत डॉक्टर! पूर्वी दवाखान्याच्या पायरीवर सुरू होणारा उपचार रस्त्यावरच सुरू होऊ लागला. बदल मोठाच.

पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली. दार खाली दबलेले. काही जण काच फोडून निसटले; २५ प्रवासी गेले. अशा आगीपुढे कोणतीही रुग्णवाहिका उशिराच पोचणार. तोवर भिस्त जवळच्या माणसांवर.

ती माणसे पोलिसांच्या लचांडाला भितात. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे; नाव सांगण्याचीही सक्ती नाही. परवा घाटातल्या चहावाल्याला हे सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, आपण १०८ ले फोन लावतो अन् दूर उभे राह्यतो."