यादी लागण्याआधी सांगा

हजेरी कमी भरल्यामुळे परीक्षेला बसता येणार नाही अशा विद्यार्थ्यांची यादी फलकावर लागते, तेव्हा हिवाळी परीक्षा अगदी तोंडावर आलेली असते. ही यादी वर्षानुवर्षं मी टाइप केली आहे. घर वलगावला आणि नोकरी अमरावतीच्या एका महाविद्यालयात, पदव्युत्तर विभागाच्या खिडकीमागे. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.चे परीक्षा अर्ज, हजेरीपट, शिष्यवृत्तीचे कागद, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. निवृत्त झाल्यावरही ती यादी डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट काढून टाका असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या मुलानं प्रयोगशाळेत पाय न ठेवता पदवी घेतली, तर पुढे ज्या कारखान्यात किंवा शाळेत तो जाईल तिथल्या लोकांची ती फसवणूक आहे. एम.ए.लाही तेच. वर्गात चार जणांसमोर प्रश्न विचारायची सवय गाइड वाचून लागत नाही. अट असावी. माझं म्हणणं ती कधी आणि कशी सांगितली जाते याबद्दल आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रात एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांत ८८ श्रेयांकांचं झालं, म्हणजे सत्राला २२. त्यातला चार श्रेयांकांचा एक लेखी विषय घ्या. त्याचे सत्रभरात ६० तास होतात, पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला चार. पंच्याहत्तर टक्के म्हणजे ४५ तास बसावंच लागतं, बुडवायला मिळतात १५. आता आपल्याकडचं पहिलं सत्र बघा. दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी येते, ती आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. घरातली शिकणारी पोरगी चार आठवडे वावरात गेली की तिचे सोळा तास गेले. एका सोंगणीत ती पंधराची रेघ ओलांडते. आणि ती आळशी नाही. आळशी पोरगं सत्रभर थोडं थोडं बुडवतं आणि पंधराच्या आत राहतं, हे मी हजेरीपटावर कितीदा पाहिलं आहे.

त्यात प्रवेशाचा घोळ. बी.ए.चे निकाल लांबतात, मग एम.ए.च्या प्रवेशाची शेवटची तारीख पुढे सरकते. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत नाव लागलेली मुलं येतात तोवर तास सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. हजेरीपट मात्र पहिल्या तासापासून धावत असतो. प्रवेशच मिळाला नव्हता त्या दिवसांची गैरहजेरी मुलाच्या नावावर चढते, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

यादी लागल्यावर काय होतं? प्राचार्यांना, कुलगुरूंना काही प्रमाणात सूट द्यायचा अधिकार असतो आणि त्यासाठी कारण हवं असतं. चालणारं कारण म्हणजे आजारपण. मग ज्या मुलीनं महिनाभर उन्हात सोयाबीन सोंगलं, ती टायफॉइडचं सर्टिफिकेट आणते. खिडकीतून ते कागद घेताना दोघींनाही एकमेकींकडे बघवत नसे. खरं कारण सांगितलं तर चालत नाही आणि खोटं आणलं तर चालतं, हे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच सत्रात आपण मुलांना शिकवतो. याचं मला फार वाईट वाटतं.

एकदा एक बाप खिडकीशी आला. डोक्याला दुपट्टा, हातात पोरीचं ओळखपत्र. म्हणाला, "बाई, कोनं आधी सांगतलं असतं, तं म्या तिले वावरात नेलीच नसती." तो भांडायला आला नव्हता. त्याला खरोखर माहीत नव्हतं. पोरीलाही नेमका आकडा माहीत नव्हता. माहीत होतं ते आमच्या कार्यालयात, रजिस्टरमध्ये, बंद कपाटात.

आता हे पाहा. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम आहेत. त्यांत संशोधकाला दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून आपण काय केलं ते मांडावं लागतं. काम समाधानकारक नसेल तर समितीनं कारणं नोंदवायची आणि सुधारणा सुचवायच्या. तरीही काही झालं नाही, तरच नोंदणी रद्द करण्याची शिफारस. म्हणजे आधी सांगणं, मग वाट पाहणं आणि शेवटी कारवाई, हा क्रम आपल्या कायद्याला ठाऊक आहे. पस्तिशीच्या प्राध्यापकाला, जो स्वतः शिकवतो आहे, आपण ही सवलत देतो. बावीस वर्षांच्या मुलीला, जिच्या घरात पदवीपुढे कोणी गेलेलं नाही, तिला थेट यादी.

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला चारपैकी तीन गुणांची सरासरी राखावी लागते. वलगावातल्या आमच्या ओळखीतला एक मुलगा तिकडे शिकायला गेला आणि पहिल्या सत्रात त्याची सरासरी खाली आली. त्याला पत्र आलं. त्यात त्याची सरासरी किती, पुढच्या सत्रात ती किती व्हायला हवी, न झाल्यास काय होईल आणि त्याआधी कोणत्या मार्गदर्शकाला भेटायचं, हे लिहिलेलं होतं. ते वाचून तो रात्रभर झोपला नाही, असं त्याची आई सांगते. पण काय करायचं ते त्याला कळलं होतं. तिकडचा नियम आपल्यापेक्षा सोपा नाही, उलट कडक आहे. तो वेळेवर बोलतो, एवढंच.

आपल्याकडेही याला वाचा फुटली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कायद्याच्या विद्यार्थ्यांबाबत निर्णय दिला. कमी हजेरीमुळे कोणाला परीक्षेपासून रोखू नये असं त्यात म्हटलं आहे. एका विद्यार्थ्याच्या २०१६ मधल्या आत्महत्येवरून हे प्रकरण उभं राहिलं होतं. कोणालाच रोखू नये हा निर्णयाचा भाग मला पूर्ण पटत नाही, कारण रोखण्याची भीती अजिबात नसेल तर वर्ग रिकामे होतील, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मास्तरांचे तासही त्याबरोबर जातील. पण त्याच निर्णयात हजेरी दर आठवड्याला विद्यार्थ्याला कळवा, कमी पडत असेल तर पालकांना दरमहा कळवा आणि भरून काढायला जादा तास घ्या, असंही आहे. ते प्रत्येक महाविद्यालयाला आजपासून करता येईल. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची? आता मोबाइल नसलेला विद्यार्थी सापडत नाही. शुल्क भरायची आठवण त्याला बरोबर वेळेवर जाते.

अटी विद्यार्थ्याला आहेत तशा विद्यापीठांनाही आहेत, याचा विसर पडू देऊ नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चं कलम ८९ सांगतं की परीक्षा संपल्यापासून शक्यतो तीस दिवसांत आणि काहीही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत निकाल लावायचा. नाही जमलं तर विलंबाची कारणं देणारा अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला पाठवायचा. राज्यात किती निकाल या मुदतीत लागतात, ते ज्यांच्या घरात शिकणारं पोर आहे त्यांना विचारा. निकाल लांबला की पुढचं सगळं अडतं. पहिल्या सत्रात एक पेपर बॅक राहिला आहे हे मुलाला दुसऱ्या सत्राचा बराचसा अभ्यास झाल्यावर कळतं. एटीकेटीवर पुढच्या वर्षाला बसायला मिळणार की नाही, याचा हिशोब तोवर करताच येत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करायचं तर मागचा निकाल लागतो. पुनर्मूल्यांकनात पेपर निघाल्याची बातमी त्याच विषयाच्या दुसऱ्या परीक्षेचा अर्ज आणि शुल्क भरून झाल्यावर आलेली मी पाहिली आहे. विद्यार्थ्याचा एक तास कमी पडला तर त्याचं सत्र जातं. मग विद्यापीठाचा एक महिना जास्त गेला तर निदान तेवढ्या काळाचा भार विद्यार्थ्यावर पडू नये, एवढी तरी समानता हवी.

मुलींचं आणखी एक दुखणं आहे आणि त्यावर कोणी फारसं लिहीत नाही. आपल्या भागात पुष्कळ मुलींचं लग्न एम.ए. करता करता होतं. दुसऱ्या सत्रात हळद आणि चौथ्या सत्रात बाळंतपण, असं चालतं. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला आयोगाच्या नियमात २४० दिवसांची प्रसूती रजा आहे, मुदतीतही दोन वर्षं जास्तीची मिळू शकतात. एम.ए.च्या मुलींसाठी काय? डिसेंबर २०२१ मध्ये आयोगानं विद्यापीठांना पत्र लिहिलं होतं, की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करा. माझ्या खिडकीशी पोटुशी मुलगी आली की ते पत्र तिला माहीत नसायचं, आणि तिच्या वर्गशिक्षकांनाही नसायचं. मग ती आपली आपण थांबायची. पुढच्या वर्षी येते म्हणायची आणि यायची नाही. आयोगाच्या जुन्या मार्गदर्शनानुसार अभ्यासक्रमाच्या मुदतीवर दोन वर्षं आणि अपवाद म्हणून आणखी एक वर्ष मिळतं. म्हणजे दोन वर्षांचं एम.ए. पूर्ण करायला तिला निदान चार वर्षं होती. हे तिला कोणी कागदावर लिहून दिलं असतं तर सासरी दाखवायला तिच्याजवळ काहीतरी राहिलं असतं.

नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. ज्याला खरोखर नोकरी मिळाली त्याच्यासाठी ते चांगलं आहे. पण हजेरी किंवा बॅक पेपरमुळे जो अडकला, त्याला हीच वाट दाखवली जाईल आणि आकडेवारीत ती त्याची निवड म्हणून नोंदली जाईल, अशी मला भीती वाटते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला कारण विचारून ते नोंदवलं पाहिजे.

आमच्या वलगावात, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. १ मे १९८३ ला स्थापन झालेल्या आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बाबा स्वतः शाळेत गेले नाहीत, तरी लेकरांना शिकवा हे गावोगाव सांगत फिरले. लोकांना कळेल अशा बोलीत, प्रश्न विचारून, उत्तर काढून घेऊन सांगायचे. आपली नियमावली त्यांच्या श्रोत्यांच्या नातवंडांना कळेल अशा मराठीत, एका पानावर का असू नये?

विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी पुढच्या सत्रापासून एवढं करावं. हजेरी प्रवेशाच्या दिवसापासून मोजावी. सत्र सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे भरलेले आणि उरलेले तास लेखी कळवावेत. जो काठावर आहे त्याला भेटायला एक शिक्षक नेमून द्यावा आणि भेट झाल्याची नोंद ठेवावी. शेतीचं काम हे गैरहजेरीचं कारण म्हणून ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मान्य करावं आणि त्या बदल्यात रविवारचे जादा तास सक्तीचे करावेत. ज्या विद्यार्थ्याला सहाव्या आठवड्यात असं काही कळवलंच नाही, त्याचं नाव शेवटच्या यादीत घालायचा अधिकार महाविद्यालयाला नसावा.