डायलिसिस आणि पोटाची तक्रार

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून घेणारा रुग्ण वजन आणि रक्तदाब यांबद्दल बोलतो; पोट साफ होत नाही, हे सांगायला संकोचतो. खरे तर ही तक्रार बरीचशी उपचारांतूनच येते. पाणी मोजून प्यायचे, पोटॅशियमच्या धास्तीने फळे-भाज्या कमी करायच्या, वर फॉस्फरस रोखणाऱ्या आणि लोहाच्या गोळ्या घ्यायच्या.

इन्युलिन किंवा बाभळीचा डिंक यांसारखी प्रीबायोटिक कर्बोदके इथे कामी येऊ शकतात. लहान आतड्यात ती पचत नाहीत; मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि शौचाला सुलभ होते. काही विद्राव्य तंतू पित्ताम्ले अडवून कोलेस्टेरॉलही थोडे उतरवतात. मात्र त्यावरून हृदय वाचल्याचा डांगोरा नको. डायलिसिसच्या रुग्णांवरील २००५ च्या ‘४डी’ आणि २००९ च्या ‘ऑरोरा’ या चाचण्यांत स्टॅटिन गोळ्यांनी कोलेस्टेरॉल चांगले घटले, तरी हृदयविकाराच्या धोक्यात ठोस फरक पडला नाही. गोळीला जे जमले नाही ते तंतूंच्या भुकटीकडून कशाला मागायचे? पोट सुरळीत झाले तरी पुष्कळ.

घरगुती उपायही जपूनच. इसबगोलाला पेलाभर पाणी लागते आणि रुग्णाला तेच तोलून मिळते. डिंकाच्या लाडवात खारीक-खोबऱ्याचे पोटॅशियम असते. हे सारे रुग्णाला समजावणार कोण? राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, यंत्रे जिल्हा रुग्णालयांत पोचली. आता प्रत्येक केंद्रात आहारतज्ज्ञही नेमा.